बिनसाखरेचे पंधरा दिवस

मेडशीच्या दौलतरावाला दिवसाला बारा कप चहा लागायचा. दूध घट्ट, आणि साखर इतकी की चमचा फिरवायला जोर लागावा. माणूस शेतीत हुशार, बोलायला गोड, पण पोट पुढे आणि तो मागे अशी चाल झालेली. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढता चढता त्याला धाप लागली, तेव्हा बायको कस्तुराबाईनं त्याला बैलगाडीत घालून मालेगावच्या वैद्याकडे नेलं.

वैद्यानं दूध-साखरेचा चहा बंद केला. सकाळ-संध्याकाळ गवती चहाची पात उकळून प्यायची, बाकी काही नाही.

दौलतरावाला वाटलं, बाई चार दिवस करील आणि विसरेल. विसरते कसली! तिनं साखरेचा डबा पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी हिरवट पाण्याची बशी समोर आली.

"हे तं बैलाले पाजाचं औषध दिसते," तो म्हणाला.

"बैल कुरकुर करत नाई. प्या."

मग गडी गावात सुटला. रंगूबाईच्या ओट्यावर कापसाच्या गप्पा काढून अर्धा तास बसला, चहाचं नाव नाही. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. पाण्याचा तांब्या तेवढा पुढे यायचा. शेवटी तांड्यावरच्या मदनसिंगानं खरं सांगून टाकलं.

"भाऊ, वहिनीनं घरोघर ताकीद देली. तुमाले चाहा पाजला तं दारात येऊन बसीन म्हणे. मले नाई परवडत."

पंधरा दिवस असे गेले. पोट जरा उतरलं होतं, पण ते कबूल करायला दौलतराव तयार नव्हता. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की कस्तुरा कोणत्या घरी गेली नसेल. असं घर गावात एकच होतं. धाकट्या भावाचं, रामकिसनचं.

आठ वर्षांपूर्वी धुरा दोन हात सरकला, की सरकवला, यावरून भाऊ भांडले होते. तेव्हापासून एकमेकांच्या घरचं पाणी बंद. आणि मेडशीत रीत अशी, की ज्याच्याशी वैर त्याच्या घरचा चहा घेतला, की वैर मिटलं. मग धुऱ्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर गाव हसतं.

दोन हात जमीन की एक कप चहा? आमचा दौलतराव सबंध दुपार यावर झुरला आणि उन्हं कलल्यावर रामकिसनच्या दारात जाऊन उभा राहिला.

रामकिसन खाटेवरून उठला. बाजूला सरकून त्यानं जागा दिली. आतून भांड्यांचा आवाज आला. त्याची बायको सोजरबाई जेठापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, यायची नाही. तिनं डोक्यावरचा पदर ओढून दोन कपबश्या उंबऱ्यावर ठेवल्या. रामकिसननं एक उचलून भावाच्या हातात दिली.

दौलतरावानं बशीत ओतलं. हिरवट पाणी. दूध नाही, साखर नाही.

"हे काय रे?"

"तुमी मालेगावले गेलते ना, दादा? वहिनीनं नदीवर सोजरीले सांगतलं. म्हणे एकाच मायची लेकरं, तुह्या नवऱ्याचंबी पोट पाहा. पंधरा दिस झाले, मीबी हेच पिऊन राह्यलो."

म्हणजे बायका नदीवर बोलत होत्या. आठ वर्षं, रोज, धुणं धूत. भांडण करत बसले होते ते हे दोन शहाणे तेवढे.

बशी अजून ओठाला लागली नव्हती. खाली ठेवली असती तर धुराही राहिला असता आणि तोराही. रामकिसन भावाच्या तोंडाकडे नाही, बशीकडे पाहत होता. त्याची दाढी पिकली होती. ती कधी पिकली, हे दौलतरावाला ठाऊकच नव्हतं.

त्यानं बशी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

"बेचव आहे," तो म्हणाला. "आन थोडा."

रामकिसननं आत हाक मारली नाही. आपल्या कपातला अर्धा त्याच्या बशीत ओतला.