जीपडॉक्टर आणि जर्सी

गाय तपासायला आलेले डॉक्टर आधी जीप तपासत. गोठ्यासमोर गाडी थांबली की ते खाली उतरत, बोनेट उघडत, गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावत आणि चालू इंजिनावर टेकवून डोळे मिटत. गाईचा मालक दावं धरून मुकाट उभा असे. समाधान झालं की डॉक्टर बोनेट लावत आणि म्हणत, "हिचं ठीक आहे. आता तुमची दाखवा." ढोरांचे डॉक्टर म्हणून ते केशोरीच्या सरकारी दवाखान्यात आले होते, पण आसपासच्या गावांत त्यांना सगळे जीपडॉक्टरच म्हणत. त्यात आपला काही अपमान आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही.

मी १९९९ साली केशोरीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला नवेगावच्या जंगलाकडे फिरायला नेलं. डिसेंबरचा महिना, दात वाजत होते, आणि या गृहस्थांनी समोरची काच आडवी करून बोनेटवर पाडलेली. डोळ्यांत वारा, तोंडात किडे. काच उभी करता येईल का, असं मी घाबरत विचारलं. ते म्हणाले, "काच मधात आली की रस्ता सिनेमावानी दिसते, मास्तर. काच पाडली की रस्ता रस्त्यासारखा दिसते." परत आलो तेव्हा मला ताप होता. त्यांनी औषध आणून दिलं. बाटलीवर वासराचं चित्र होतं, म्हणून मी ते घेतलं नाही.

जीप जुनी होती, लष्करी घाटाची. एका सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. दारं नाहीत, वर ताडपत्री, समोर उभ्या पट्ट्यांची जाळी आणि बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन गोल दिवे. ढोरांच्या कानात मारतात तसला पितळी बिल्ला त्यांनी तिच्या आरशाला ठोकला होता. पावसाळ्याआधी गावोगाव घटसर्पाची लस टोचायची मोहीम चाले, त्याच आठवड्यात ते जीपला ग्रीस भरत. दवाखान्याच्या रोजनिशीत मात्र या जनावराची नोंद नव्हती. तेवढी शिस्त त्यांना होती.

या जीपशी ज्यांचं कधी जमलं नाही त्या वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्यांचे गुडघे दुखत. जीपची पायरी इतकी उंच की त्या चुलीजवळचा पाट सोबत घेऊन निघत. पाट खाली ठेवायचा, त्यावर चढायचं, लोखंडी दांडी धरून स्वतःला आत लोटायचं आणि मग कुणीतरी पाट वर द्यायचा. आत बसायला बाकडं. खड्डा आला की त्या उडत आणि दांडीला धरून लोंबकळत. एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, हे रोज गाईच्या पोटात हात घालून वासराचं तोंड कुठं आहे ते सांगते. मागं बसलेल्या बायकोचं तोंड कसं झालं, ते नाही समजत यायले." डॉक्टर ऐकत होते. ते म्हणाले, "सस्पेन्शन कडक असलंच पायजे. नाहीतं बांध्यातून गाडी कशी काढाची?" धानाच्या बांध्यातून गाडी काढायची वेळ वर्षातून एखाददा येई. वहिनी मात्र रोज बसत.

डॉक्टरांसारखीच डोक्याने गेलेली आणखी सहासात माणसं तालुक्यात होती. सगळ्यांकडे तसल्याच जुन्या जीपा. दर रविवारी ही मंडळी कुणाच्या तरी अंगणात जमत आणि एकमेकांच्या गाड्यांखाली झोपत. त्यांतले मोठे म्हणजे अर्जुनीचे राईस मिलवाले शेठ. ते मूळ गोंदिया शहरातले, त्यामुळे बोलणं हिंदीत. एका रविवारी शेठ गाड्यांचं मासिक घेऊन आले. चेहरा असा, की घरात काही वाईट घडलं असावं. त्यांनी पान उघडून बोनेटवर ठेवलं. कंपनीने जीपचं रूप बदललं होतं. गोल दिव्यांच्या जागी लांबट दिवे, काचेची दारं, गुबगुबीत खुर्च्या, थंड हवेचं यंत्र, आणि समोरची काच पक्की बसवलेली.

एकाने डोक्यावरची टोपी काढली. दुसरा म्हणाला, "समोरून पाहा, हसून राहिली." खरंच ती हसल्यासारखी दिसत होती, आणि जीपने हसावं हे कुणालाच सहन होईना. शेठ म्हणाले, "ये तो दूल्हे को बिठाने की गाडी है." डॉक्टरांनी चष्मा लावला, चित्र दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि निदान सांगितलं, "ही जीप नोहे. ही जर्सी आहे."

शोकसभा घ्यायचं ठरलं. कुणाचा विनोद असेल म्हणून मी हसलो, तर सूत्रसंचालन माझ्याकडेच आलं. समाजमंदिराच्या ओट्यावर जीपचा हार घातलेला फोटो ठेवला. सभेची दवंडी कोतवालाने परस्पर दिली होती, त्यामुळे गाव लोटलं. बाया पदर डोक्यावर घेऊन आल्या. मागून एक म्हातारा मला विचारू लागला, "कोन गेला, जी?"

"जीप गेली," मी म्हणालो.

"कुठं गेली?"

"कुठं नाही. कंपनीनं बदलवली."

"मंग थे समोर उभी आहे, थे कोनाची?"

मी घाईने डॉक्टरांना भाषणाला बोलावलं. ते मनापासून बोलले. ज्या गाडीला लपवायला काही नव्हतं, जिच्या प्रत्येक नटबोल्टला हात पोचत होता, ती आता प्लास्टिकच्या कपड्यात गुंडाळली, असं त्यांनी सांगितलं. दोन बाया रडल्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि त्या शांततेत फक्त डॉक्टरांची जीप फटफटत होती, कारण ती बंद केली की लवकर सुरू होत नसे.

नंतर डोमाजी नावाचा शेतकरी उभा राहिला. त्याच्या गोठ्यात दोन जर्सी गाई होत्या, दोन्ही डॉक्टरांनी केलेल्या संकरातून जन्मलेल्या. तो काही भांडखोर माणूस नव्हता. त्याला खरोखर समजून घ्यायचं होतं. म्हणाला, "साहेब, आमची गावठी गाय बदलवाले तुमी घरोघरी फिरले. आमी नाही म्हनत होतो, तं तुमी रागावले. आता गाडी बदलली तं रडून राहिले. काऊन?"

डॉक्टर म्हणाले, "गाय दुधासाठी असते, डोमाजी."

"आन् गाडी?"

डॉक्टरांनी फोटोवरचा हार काढला. मग म्हणाले, "सभा संपली आहे."

शोकसभेने कंपनीला काही कळलं नसावं, म्हणून पुढचं पाऊल ठरलं: गोंदियाला जिथे ती नवी जीप विकायला ठेवली होती त्या दुकानावर जुन्या जीपांचा मोर्चा. धानाची रोवणी आटोपल्यावरचा एक दिवस निवडला. नेत्याची बायको सोबत असावी म्हणून वहिनींनाही घेतलं. त्यांनी पाट घेतला, डबा घेतला आणि एका शब्दाने विरोध केला नाही. मोर्चा निघाला तेव्हा भरगच्च होता, पण वाटेत एकेक जीप गळत गेली. एकीचं पाणी उकळलं, एकीचा स्प्रिंगचा पाटा तुटला, एक नुसतीच थांबली आणि का थांबली ते तिने कुणाला कळू दिलं नाही. गोंदियाला पोचल्या फक्त दोन, शेठची आणि आमची.

दुकानदाराला वाटलं, जुन्या गाड्या देऊन नवी घ्यायला आलेली मंडळी आहेत. त्याने धावत येऊन दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. "आइए साहब, बहुत अच्छा टाइम पे आए." डॉक्टरांनी घोषणा देण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यात पेढा गेला. तो गिळून ते निषेधाचं कारण समजावू लागले. दुकानदार प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि पावती पुस्तक शोधत होता.

या गडबडीत वहिनी कुठे आहेत ते कुणी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा त्या नव्या जीपमध्ये बसल्या होत्या. खाली रुंद पायरी होती, तिच्यावरून त्या एकट्याच चढल्या होत्या. दार लावलेलं, काच वर. पाठ टेकलेली, पाय लांब, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी काचेवर टकटक केली. वहिनींनी डोळे उघडून हात हलवला. ते काहीतरी बोलले, आत काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हाताने काच खाली करण्याची खूण केली, तेव्हा वहिनींनी बोटभर काच उतरवली.

"उतर," डॉक्टर म्हणाले.

"कायले? माहे गुडघे दुखून नाही राहिले."

"सगळे पाहून राहिले आहेत."

"पाहू द्या. तुमचा मोर्चा झाला की आवाज द्या." आणि काच वर गेली.

तेवढ्यात दुकानाच्या फोटोवाल्याने फोटो घेतला. तो पेपरात छापून आला. आत वहिनी, बाहेर काचेवर हात टेकवून वाकलेले कुंकवाचे डॉक्टर, आणि खाली मजकूर, की नव्या जीपचे ग्रामीण भागातही उत्साहात स्वागत.

रविवारच्या मंडळींनी डॉक्टरांना वाळीत टाकलं. त्याचं त्यांना वाईट वाटलंच, पण घरात जे झालं ते जास्त लागलं. गोंदियाहून परतताना वहिनी जीपमध्ये बसल्या नाहीत. त्या तिथूनच एसटीने बहिणीकडे तिरोड्याला गेल्या. भांडण नाही, रुसवा नाही. "काही दिवस खुर्चीत बसतो," एवढंच म्हणाल्या. दिवस गेले, त्या येईनात. डॉक्टर माझ्याकडे जेवायला येऊ लागले. मला धड वरणही येत नसे. एका संध्याकाळी ताटातलं पाणीदार वरण बोटाने फिरवत ते म्हणाले, "मास्तर, डोमाजीनं मले काय विचारलं होतं?" मी आठवून सांगितलं, गाडी कशासाठी असते असं विचारलं होतं. ते जेवण तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी जीप अर्जुनीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. आठवड्याने ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं ते केवळ आवाजावरून. दोन्ही बाजूंना भंगारातल्या मोटारीची दारं जोडली होती, एक पांढरं, एक निळं. खाली लोखंडी पायरी, तीही दुहेरी. आणि चालकाशेजारी बंद पडलेल्या सलूनमधली न्हाव्याची खुर्ची बोल्टने आवळली होती. मान टेकायला उशी, मागे झुकवायला दांडा, वर-खाली करायला पायाचं पॅडल. डॉक्टरांनी मला बसवून पाहिलं. इतकं सुख मला केशोरीत कशातच मिळालं नव्हतं. तिरोड्याला निघालो, तर वाटेत शेठ भेटले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, न्हाव्याच्या खुर्चीला हात लावला आणि म्हणाले, "डॉक्टर साहब, आपने तो घर की गाय को ही जर्सी कर दिया."

"हाव," डॉक्टर म्हणाले. "आता दूध पाहू."

तिरोड्याला साळीच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा मी मागे बसलो होतो. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पांढरं दार पाहिलं, निळं दार पाहिलं, खुर्ची पाहिली. बराच वेळ पाहिली. डॉक्टर स्टिअरिंगला धरून समोर बघत होते, लहान पोराला परीक्षेचा निकाल ऐकायला उभं करावं तसे. वहिनी आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या पिशवी घेऊन आल्या, पायरी चढल्या, बसल्या, दार लावलं. ते लागलं नाही. डॉक्टर उतरून पलीकडे गेले आणि बाहेरून तारेने बांधलं. गाव सुटलं. मग वहिनींनी खुर्चीचा दांडा ओढला, मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "दाढी कराची आहे का आता माही?" डॉक्टर इतके हसले की गाडी बांधावर गेली.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले, केशोरीतच राहिले. साखरेच्या आजाराने त्यांची नजर मंदावली आणि गाडी चालवणं बंद झालं. तेव्हा वहिनी शिकल्या. पन्नाशीनंतर, दुखऱ्या गुडघ्यांनी. शिकवताना डॉक्टर न्हाव्याच्या खुर्चीत बसून सूचना देत आणि वहिनी त्या ऐकत नसत, म्हणून गाडी चांगली चाले. माझी बदली दरेकशाला झाली तेव्हा दोघं मला सोडायला आले. घाटाच्या चढणीवर वहिनींनी न बोलता फोर-व्हीलचा दांडा टाकला. मी मागून वाकून पाहिलं, तर डॉक्टरांना झोप लागली होती. ज्या माणसाला रस्ता रस्त्यासारखा दिसायला हवा असे, तो पहिल्यांदाच रस्ता कुणावर तरी सोपवून झोपला होता.

डॉक्टर गेल्याचं मला उशिरा कळलं. मी केशोरीला गेलो तेव्हा अंगणात नागपूरहून आलेला एक तरुण बसला होता. जुन्या जीपांचा शौकीन, बोलायला नम्र. त्याने गाडी खालून वरून पाहिली होती आणि त्याचे डोळे चमकत होते. "काकू, अशी जीप आता मिळत नाही," तो सांगत होता. "मी हिला मूळ रूपात आणीन. ही दारं कापून टाकू, पायरी काढू, ही खुर्ची तर आधी काढू. कंपनीतून निघाली तशी करू."

वहिनींनी आम्हां दोघांपुढे चहा ठेवला. शांतपणे विचारलं, "मंग मी कुठं बसू?"

पोरगा म्हणाला, "काकू, गाडी तर मी घेऊन जाणार ना."

"थे समजलं," वहिनी म्हणाल्या. "पन तू म्हनून राहिला तशी गाडी जवा होती, तवाबी मी होतीच ना बाबा तिच्यात. मी कुठं बसू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायला लागलो.