पिसाऱ्यासकट मोर

एकोणऐंशी साली मी सोलापुरात कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. भावाने परदेशातून आणलेले भाग जोडून मी घरीच छोटा कॉम्प्युटर बनवला होता. शेजारच्या विणकर काकांनी चादरीवरचा मोर त्यात ठिपक्याठिपक्याने भरायला घेतला, पण मेमरी संपली आणि पिसारा अर्धाच राहिला.

जादा मेमरीच्या चिप्स आणायला मी मुंबईला गेले. आपल्याकडचा उन्हाळा आठवून कमी तापणाऱ्या निवडल्या. बसवताना एका चिपचा पाय वाकला आणि मी तो नखाने सरळ करायला गेले.

"सरका ताई," म्हणत काकांनी मागावरच्या चिमट्याने तो अलगद सरळ केला.

पुन्हा सगळे ठिपके भरून झाल्यावर पडद्यावर अख्खा मोर उमटला.

"मावला की सगळा!" काका ओरडले आणि घरच्यांना बोलवायला अनवाणीच धावले.