डाव्या हाताचं अक्षर

पोशीरच्या सुप्रियाने दीड वर्ष मुलीचा गृहपाठ स्वतः लिहिला, तोही डाव्या हाताने. उजव्या हाताचं तिचं अक्षर वळणदार होतं, लगेच ओळखू आलं असतं. डाव्या हाताने लिहिलेलं सात वर्षांच्या पोरीचं वाटे.

मुलगी समीक्षा, नेरळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत दुसरीत. ऐकलेली गोष्ट ती जशीच्या तशी सांगायची. कागदावर मात्र ‘बी’चा ‘डी’ व्हायचा आणि एका ओळीला अर्धा तास लागायचा. अशी मुलं शाळा ठेवून घेत नाही, असं सुप्रियाने गेटवर इतर मुलांच्या आयांकडून ऐकलं होतं. म्हणून संध्याकाळी कुकर लावला की ती वही पुढ्यात ओढायची. समीक्षा शेजारी बसून बघायची.

वर्गातल्या वह्या कोऱ्याच राहिल्या. त्यावरून शाळेने एकच अर्थ काढला, की पोरगी आळशी आहे.

जानेवारीत निशिगंधा नावाच्या नव्या बाई आल्या. हा आळस नसावा, असं त्यांना वाटलं. मुलीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, तोवर तोंडी परीक्षा घ्यावी, असं त्यांनी मुख्याध्यापिकांना सुचवलं. मुख्याध्यापिकांनी निशिगंधाबाईंसमोर सुप्रियाला आणि समीक्षाला बोलावलं आणि घरच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“घरी पानंच्या पानं लिहिते, आणि इथे नखरे. चार महिने मधल्या सुट्टीत आत बसवली, तरी फरक नाही. पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.”

सुट्टीचं सुप्रियाला ठाऊक नव्हतं. तिने समीक्षाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

सुप्रियाने टेबलावरचं पेन डाव्या हातात घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहिली.

“यातलं एक अक्षर पोरीचं नाय,” ती म्हणाली. “सगळं माझं हाय.”

मुख्याध्यापिका तिला बरंच बोलल्या. सुप्रियाने ऐकून घेतलं. निशिगंधाबाईंनी पुन्हा विषय काढला तेव्हा ठरलं ते एवढंच: तपासणी होईपर्यंत तोंडी परीक्षा, आणि गृहपाठ समीक्षाच्याच हातचा, जेवढा होईल तेवढा. तिसरीचं नंतर बघू.

बाहेर रिक्षाची वाट बघताना समीक्षाने आईची ओढणी धरली.

“आई, मी नव्हतं सांगितलं कुणाला. एकदा पण नाय.”

“सांगायचंस ना गं.”

“मग तुला पण आत बसवलं असतं.”