नळवाल्या काकांचं अनुमोदन

गावात नळवाले काका दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळत नसे, आणि शिक्षण मंडळाच्या बैठकीत कुठलाही ठराव आला की पहिलं अनुमोदन त्यांचंच असे. मंडळावर निवडून आल्यापासून त्यांनी स्वतः मात्र एकही ठराव मांडला नव्हता. मांडणार कसा, बैठकीत ते बसत कुठे होते? बैठक भरायची पहिलीच्या वर्गात आणि तिथल्या बाकांत त्यांचे गुडघे मावत नसत. मग ते अवजारांची पिशवी उचलून बाहेर मुलांच्या नळांपाशी जाऊन बसत आणि पाना फिरवता फिरवता खिडकीतून ओरडत, "माझं अनुमोदन!" एकदा अध्यक्षबाईंनी नुसतं "पंखा बंद करायचा का?" असं विचारलं, तर त्यालाही अनुमोदन मिळालं.

अशा माणसाला एका विधेयकाने झपाटलं. पोरं कमी झाली म्हणून गावची शाळा वर्षअखेरीस बंद करायचं वरून ठरलं होतं. पालकांच्या आणि मंडळाच्या संमतीशिवाय कुठलीही सरकारी शाळा बंद करता येणार नाही, असं हे विधेयक सांगत होतं. याच अधिवेशनात ते मंजूर झालं तर शाळा वाचणार, नाहीतर कुलूप. काका लोकांच्या मोरीत डोकं घालून कलमं समजावून सांगायला लागले. घरमालक हो हो म्हणत उभे. काकू म्हणाल्या, "लोक नळासाठी बोलावतात हो तुम्हाला. भाषण झाल्यावर निदान पाणी तरी सोडून येत जा."

काकांची तगमग उगाच नव्हती. मुलगी आणि नात त्यांच्याकडेच राहत. मुलगी दवाखान्यात पाळ्या करी, नात पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होती. दूरच्या शाळेत पोरीला सोडणं-आणणं तिच्या पाळ्यांमध्ये आणि काकांच्या कामांत बसत नव्हतं. "शाळा गेली तर मी शहरात खोली घेते, बाबा," मुलीने जेवता जेवता सांगितलं होतं. काकांनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त आणखी जोरात कलमं समजावायला सुरुवात केली.

विधानसभेच्या समितीपुढे विधेयकाची सुनावणी होती, त्या दिवशी मंडळ पहाटेच्या बसने राजधानीला निघालं. बोलायचं होतं अध्यक्षबाईंना. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि बोलणंही तसंच, मोजून मापून. काका नुसते सोबतीला. पण उत्साह असा उतू चाललेला, की त्यांनी बसमधल्या अनोळखी म्हातारीलाही तिसरं कलम ऐकवलं. तिला ते आवडलंही.

सभागृह गावोगावच्या शिक्षण मंडळांनी गच्च भरलं होतं. खुर्च्या गुबगुबीत, गुडघ्यांना ऐसपैस जागा. बैठकीत शेवटपर्यंत बसून राहायची काकांची ही पहिलीच वेळ. समितीच्या टेबलाशी एक टाय लावलेले सदस्य उठले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "हे विधेयक पुढच्या अधिवेशनापर्यंत लांबणीवर टाकावं, असा प्रस्ताव मी मांडतो."

समितीच्या सभापतींनी विचारलं, "अनुमोदन?"

"माझं अनुमोदन!" मागून खणखणीत आवाज आला.

आवाज आपलाच आहे हे काकांना सगळ्यात शेवटी कळलं. अख्खं सभागृह वळून बघत होतं. अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. काका खुर्चीत खाली सरकले. ज्या विधेयकासाठी जिवाचं रान केलं, त्याच्याच मानेवर आपण सुरी ठेवली. घरी काय तोंड दाखवायचं?

सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण समितीचे सदस्य आहात का?"

"नाही जी. सवय आहे," काका पुटपुटले.

हशा पिकला. समितीतलेही हसले. सभापती हसू आवरत म्हणाले, "बाहेरच्याचं अनुमोदन चालत नाही. समितीतून कुणाचं आहे?"

टायवाल्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. त्यांचं आधीच ठरलं असणार, कारण शेजाऱ्याचा हात अर्धा वर आलाच होता. पण आता सगळं सभागृह नुसतं त्या हाताकडे बघत होतं. हा हात कुणाचा, कुठल्या मतदारसंघातला, हे प्रत्येक गावाला पाहून ठेवायचं होतं. तो हात तसाच पुढे गेला आणि त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"अनुमोदन नाही. प्रस्ताव बारगळला," सभापती म्हणाले. मग काकांकडे बोट केलं. "सुरुवात तुम्हीच केलीत, तेव्हा तुम्हीच बोला."

अध्यक्षबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. काका माइकपाशी गेले. तोंडपाठ कलमं कुठल्या कुठे पळाली होती. ते म्हणाले, "मी आजवर दुसऱ्यांच्या म्हणण्याला हो म्हणत आलो. आज माझं सांगतो. शाळा गेली की माझी पोर घर सोडून जाईल आणि नात तिच्याबरोबर. नातीला माझा हात धरून शाळेत जायचंय. आमची शाळा बंद करायची का, हे एकदा आम्हाला विचारा. एवढंच मागणं आहे." मग ते खुर्चीपर्यंत न जाता वाटेतल्या पायऱ्यांवरच बसले.

दुपारी मतदान झालं. हात वर गेले, एकेक करून, शेवटी तो ग्लासवालाही. विधेयक समितीतून पार झालं. अध्यक्षबाई, ज्या कधी मोठ्याने हसत नसत, त्या काकांची पाठ बडवत सुटल्या. दुसऱ्या गावांचे लोक येऊन काकांचे हात हातात घेत होते. तशातच काकांनी मुलीला फोन लावला.

"समितीत झालं गं पास. पण हुरळून जाऊ नकोस. अजून विधानसभेत मतदान बाकी आहे. पुढच्या आठवड्यात. तिथे काहीही होऊ शकतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "बाबा, खोली बघून ठेवली होती मी. नको म्हणून कळवते त्यांना."

"अगं, पण विधानसभा अजून..."

"तुम्ही आहात ना तिथे? मग कळवते."

काकांनी फोन अध्यक्षबाईंच्या हातात दिला आणि खिशात रुमाल शोधायला लागले.