जमिनीखालून धूर जाणारं घर

तरुणपणी पुण्यात मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे गिरवायचे. नुसते गिरवायचे, पण ऐट अशी की जगातली सगळी घरं मीच बांधली आहेत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना ऐकवलं, "तुमच्या ओट्याची दिशा चुकलीय." त्यांनी शांतपणे मला जन्मभर त्याच ओट्यापाशी उभं केलं.

म्हातारपणी टोकियोतल्या ओजिमात मुलाकडे आले आणि खुमखुमी पुन्हा जागी झाली. शेजारच्या कोरियन आजी लहानपणी काकांबरोबर जपानात आलेल्या. गाव उत्तर कोरियात राहिलं, तिकडे जाता येत नाही. हल्ली त्यांना आठवेनासं झालं होतं. वृद्धाश्रमात जाण्याआधी त्यांना लहानपणचं घर कागदावर हवं होतं. फोटो नाही, विचारायला माणूस नाही.

"इंडो-सान, तुम्ही काढा." भारतातली म्हणून मी इंडो-सान; नकाशांची फुशारकी आधीच मारून झाली होती.

माझं जपानी दुकानापुरतं, बाकी हातवारे. झोकात सुरुवात केली. मधे अंगण, तीन बाजूंना खोल्या, पुढे लाकडी ओसरी. स्वयंपाकघर मी खोल्यांच्याच पातळीला दाखवलं. आजी खुदकन हसल्या.

"खाली! चांगलं हातभर खाली. चुलीचा धूर खोलीच्या जमिनीखालून जातो. चूल वर बांधलीत तर जमीन तापणार कशी, बाई?"

मी मुकाट्यानं खोडरबर घेतलं.

चुलीलगतची जमीन सगळ्यांत उबदार, आजी सांगत होत्या. घरी यायचं राहिलेल्या माणसाचा भात आई तिथे झाकून, दुलईत गुंडाळून ठेवायची. थोरला भाऊ लढाईच्या दिवसांत सरपण आणायला गेला, तो आलाच नाही. आई रोज त्याचा भात ठेवत राहिली.

"सकाळी तो मी खायचे," आजी म्हणाल्या. "आई तेव्हा पाठ फिरवून बसायची."

दर दुपारी थोडं घर कमी व्हायचं. काल डावीकडे सांगितलेली विहीर आज त्यांना आठवतच नव्हती. शेवटी बाहेरचं दार तेवढं राहिलं.

"दक्षिणेला," त्या म्हणाल्या. मग, "नाही. थांबा." त्यांचं बोट कागदाच्या चारही बाजूंनी फिरलं. डोळे भरून आले. "कुठंही काढा. पण बंद काढू नका."

"नकाशात दार उघडंच काढायची पद्धत असते, आजी."

"खरंच?"

मी भिंतीत फट ठेवली, उघडलेली फळी दाखवली, तिची पाव गोलाची रेघ ओढली. त्यांनी त्या फटीवर बोट ठेवलं आणि चहा गार झाला तरी उचललं नाही.