टक्केमामांचं अपडेट

"एक्क्याऐंशी झालं रे, एक्क्याऐंशी! कोणी हलू नका, जागच्या जागी थांबा!"

ही आरोळी गोरेगावच्या स्टँडवर घुमली तेव्हा सेनगावला निघालेली जीप खरोखरच जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरला वाटलं, आपल्या जीपमध्ये एक्क्याऐंशी माणसं झाली. तसं झालं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं, पण माणसं मोजणारा पोलीसच असणार, म्हणून टपावरचे चौघे गुपचूप उतरले आणि पायी सेनगावच्या दिशेनं चालायला लागले. समोरच्या हॉटेलवाल्याची भजी झाऱ्यावरच राहिली. आणि आरोळी मारणारे आमचे टक्केमामा आपल्या सेवा केंद्राच्या दारात उभे होते. एक हात आत कॉम्प्युटरकडे, दुसरा बाहेर सगळ्या जगाकडे. कॉम्प्युटरच्या निळ्या पडद्यावर पांढरं चक्र फिरत होतं. खाली लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका.

तेवढ्यात लाईट गेली.

मामांनी आधी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सातवी संपेपर्यंत लाईट परत आली. कॉम्प्युटर कण्हत उठला आणि पडद्यावर नवी ओळ आली: अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "घे बाबा, घे. तुझंच हाय."

मी त्याच दुकानात अर्ध्या टेबलावर मोबाइल दुरुस्त करत असे. अर्धं टेबल मामांचं, अर्धं माझं, आणि मध्ये चहाच्या कपांची हद्द. त्यामुळे हा प्रसंग मी एकदा नाही, त्या हिवाळ्यात जवळजवळ रोज पाहिला.

मामांना टक्केमामा हे नाव कॉम्प्युटरच्या आधीपासून होतं. जगातली प्रत्येक गोष्ट ते टक्क्यांत सांगत. भाकर सत्तर टक्के भाजली. पोरगा साठ टक्के बरा हाय, बाकी चाळीस त्याचा बाप. कोणी आजारी पडलं की मामा भेटायला जाऊन खाटेजवळ बसत, नाडीबिडी न बघता सांगत, "पंच्याण्णव टक्के काही न्हाई झालं तुला." आणि शपथेवर सांगतो, माणूस त्या पंच्याण्णव टक्क्यांवर उठून बसायचा. उरलेल्या पाचाचं काय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आवाज त्यांना वडिलांकडून आला होता. घर मेंढरांचं. लहानपणी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरचं मेंढरू ते नुसत्या हाकेनं वळवत. मामा बांधावर खाकरले की सिद्धेश्वरच्या धरणातले मासे बूड गाठतात, असं लोक म्हणायचे. मी मासे मोजायला गेलो नाही, पण जीपवाले मामांना गिऱ्हाईक बोलवायला नेत असत, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. "सेनगाव" अशी एक हाक, आणि ज्यांना हिंगोलीला जायचं होतं तेही सेनगावच्या जीपमध्ये बसायचे.

तर अशा माणसाच्या केंद्रावर संकट आलं. वरून निरोप आला की म्हाताऱ्यांचे अंगठे घेणारं नवं यंत्र जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ज्याचं अपडेट झालं नाही त्याचं केंद्र बंद, काम सेनगावला. म्हणजे गोरेगावच्या म्हाताऱ्यांनी एका अंगठ्यासाठी जीपमध्ये दुमडून जायचं. मामा दोन मिनिटं गप्प बसले. दोन मिनिटं मामा गप्प, हीच मुळात बातमी होती. मग म्हणाले, "भाच्या, दुकान गेलं तर मी वरडायचं कुठं रे? घरात तर तुझी मामी हाय."

त्यांचा उपचाराचा सिद्धांत मेंढरांवरून आला होता. अडलेल्या मेंढराला मागून हाणायचं नाही, पुढं जाऊन पाला दाखवायचा. म्हणून कॉम्प्युटर अडकला की ते इंटरनेटचा डबा उचलून त्याच्या पुढ्यात धरत. तासभर धरत. हात भरून आला की माझ्या हातात देत. एकदा त्यांनी डब्याशेजारी मूठभर शेंगाही ठेवलेल्या मी पाहिल्या. नंतर त्या त्यांनी स्वतःच खाल्ल्या आणि सांगितलं, "त्यानं न्हाई खाल्ल्या, म्हंजी पोट भरलेलं हाय. जागा न्हाई त्याच्यात."

यात मात्र ते बरोबर निघाले. मशीनमध्ये खरंच जागा नव्हती. गावातल्या यच्चयावत लग्नांचे व्हिडिओ मामांनी सांभाळून ठेवले होते. कोणाचा फोन पडला, कोणाचा चोरीला गेला, लोक म्हणायचे, मामांकडं असंल. मी म्हणालो, पुसून टाकू. मामा माझ्याकडे असे पाहायला लागले जणू मी वरात पेटवायला निघालो होतो. ज्याचं लग्न त्याला विचारल्याशिवाय पुसायचं नाही, असं ठरलं. मग ज्याची त्याची जोडी येऊन आपलं लग्न शेवटचं बघून जाऊ लागली. येताना कोणी चिवडा आणला, कोणी नुसतीच भांडणं आणली. एका बाईनं सबंध व्हिडिओ बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, पुसा, यात तुमी हसून राहिलात, आता कोणाला खरं वाटणार न्हाई. शेवटी मी सगळी लग्नं एका डबीएवढ्या डिस्कमध्ये उतरवली आणि ती मामांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

जागा झाली, तरी अपडेट होईना. मी तारीख तपासली, अँटिव्हायरस बंद केला, आधी अर्धवट उतरलेल्या फायली खोदून काढल्या, दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट लावलं. मामांनी पडद्यावरची 'बंद करू नका' ही सूचना मनावर घेतली आणि चालू-बंदच्या बटणापुढं पाट आडवा लावून स्वतः त्याला पाठ टेकून बसले. सकाळपासून चारपर्यंत गिऱ्हाइकं, म्हणून आम्ही अपडेटला बसवायचो ते चारच्या पुढं. मशीन म्हातारं, इंटरनेट त्याहून म्हातारं, रात्री आठला झोपणारं. चढत चढत ऐंशीच्या घरात जायचं, मामा दारात येऊन आकडा पुकारायचे, आणि लाईट जायची. यूपीएसची पेटी टेबलाखाली होती, तिचा हिरवा दिवा छान लुकलुकायचा, पण वेळेला ती पेटी हूं की चूं करत नसे. मामा म्हणायचे, "तिचाही वायरमनशी काहीतरी संबंध हाय."

हा वायरमन गरीब माणूस. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी स्टँडवर आपल्या पूर्वजांची नावं ऐकून तो कंटाळला होता. शुक्रवारी तो स्वतःच दुकानात आला, माझ्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आज जाऊ द्या लाईट. मी हितंच बसतो, म्हंजी माझे हात तुमच्या डोळ्यापुढं राहतील."

चक्र फिरत होतं. मामा दारात गेले. "त्र्याऐंशी!" पुकारलं, आणि लाईट गेली. मामांनी उद्धारासाठी छाती भरून घेतली. वायरमननं नुसतं बोट केलं. समोरच्या हॉटेलातला बल्ब जळत होता. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. आख्ख्या गोरेगावात दिवे होते, अंधार फक्त मामांच्या घरात. छातीत भरलेली ती हवा मामांनी कुठं सोडली कोण जाणे. पण तेवढ्या वेळात त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटून माझ्या चहात पडलं.

दुकान म्हणजे मामांच्या घराचीच पुढची खोली. आम्ही तिघं मागच्या दारानं आत गेलो. मेन स्विच खाली ओढलेला होता. मामी देव्हाऱ्यापुढं बसून निरांजनाची वात सारखी करत होती. दिवा लागला, तिनं हात जोडले, उठली आणि मेन स्विच वर केला.

मामांच्या सासूबाईंच्या घरची ही रीत. दिवेलागणीला आधी देवाचा उजेड, मग बोर्डाचा. विजेचा उजेड असताना दिवा लावला तर देवाला वाटतं, आपल्याला शिळं वाढलं. लग्न होऊन आल्यापासून मामी रोज हे करत होती आणि तितकीच वर्षं मामा वायरमनला शिव्या देत होते. संध्याकाळी ते कायम दुकानात. मागं काय चालतं हे त्यांना शून्य टक्के माहीत.

मामा गावावर ओरडत, जीपवर ओरडत, कॉम्प्युटरवर ओरडत. मामीपुढं त्यांचा आवाज कुठल्या टेकडीमागं जाऊन लपायचा. त्यांनी अगदी हळू विचारलं, "अवं, आन् ती यूपीएसची पेटी काहून बंद पडून राहिली, तुला काही ठावं?"

"तिची बॅटरी शेतात हाय," मामी म्हणाली. "झटका मशीनला. हितं नुसती पडून होती."

हरभरा घाट्यावर आला होता आणि रानडुकरं रोज संध्याकाळपासून वाट बघत होती. शेताभोवतीच्या तारेत झटका होता तो आमच्या बॅटरीचा. म्हणजे डुकरं बाहेर राहत होती, म्हणूनच अपडेट बाहेर राहत होतं. वायरमन खाली बसला आणि इतका हसला की मामीनं त्याला पाणी दिलं.

उरला शनिवार. मामांनी मामीला विचारून पाहिलं की उद्याच्या दिवस देवाला जरा शिळं चालेल का. मामीनं निरांजन घासायला घेतलं, म्हणजे चालणार नव्हतं. बॅटरी आणावी तर हरभरा जाणार. शेवटी तोड मामीनंच काढली. बॅटरी दुकानात आणा, म्हणाली, आणि झटक्याच्या जागी तुमी जाऊन बसा. आवाज हायच.

असा अन्याय जगात कोणावर झाला नसेल. ज्या शंभर टक्क्यांसाठी माणसानं सबंध हिवाळा घसा फाडला, ते शंभर टक्के येण्याच्या वेळेला त्याला हरभऱ्यात उभं राहायचं होतं. मामा साडेचारला निघाले. जाताना पडद्यापुढं थांबले. बारा टक्के होतं. त्यांनी चक्राकडे असं पाहिलं, जसं सासरी जाणाऱ्या लेकीकडे बघतात. "भाच्या," म्हणाले, "नव्व्याण्णवाला एकदा जोरात सांग. वारं असलं तर येईल मला."

दिवेलागण झाली. पंच्याऐंशी. आतून खट्ट असा आवाज आला आणि अंधार पडला. पडदा मात्र जळत राहिला आणि टेबलाखालची पेटी टीं टीं करत ओरडायला लागली. जुनी बॅटरी, किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही, आणि आत मामीची वात नेमकी त्याच दिवशी पेटेना. एक काडी विझली. दुसरी विझली. आत जाऊन घाई करावी असं मला वाटलं, पण वायरमननं माझा दंड धरला. आम्ही दोघं त्या पेटीपुढं हात जोडून उभे राहिलो. दूर शिवारातून मामांचा आवाज येत होता. डुकरांना हाकलायला दुसरं काही न सुचल्यानं ते टक्केच पुकारत होते: साठ, सत्तर, ऐंशी, मागं व्हा रे. त्या वर्षी कळमनुरीच्या बाजूला एकाएकी डुकरं फार झाली अशी तक्रार कानावर आली.

तिसरी काडी पेटली. मेन स्विच वर गेला. पेटी गप्प झाली. थोड्या वेळानं चक्र थांबलं, मशीन एकदा झोपून उठलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं स्वागत करायला लागलं. मी दारात जाऊन जन्मात ओरडलो नव्हतो तेवढा ओरडलो, पण वारं उलटं होतं.

बॅटरी घेऊन वायरमन शेतात गेला तेव्हा मामा परतले. अंगाला हरभऱ्यावरची आंबट आंब लागलेली, आवाज पार बसलेला. पडद्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि घोगऱ्या आवाजात मला विचारलं, "शंभर झालं तवा कसं दिसलं रे?" मी सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मी सांगतो आहे त्यापेक्षा मामांनी ते कितीतरी थोर करून सांगितलं असतं. पुढं त्यांनी सांगितलंही. गावात आज कोणालाही विचारा, त्या संध्याकाळी मामा कॉम्प्युटरपुढंच होते आणि शंभर होताना देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. मीही साक्ष देतो.

आता माझं दुकान हिंगोलीत आहे. गिऱ्हाईक म्हणतं, अपडेट होत नाही, तर मी सगळ्यात आधी विचारतो, तुमच्या घरी संध्याकाळी दिवा कोण लावतं. लोकांना वाटतं मी देवभोळा आहे.

मध्ये गोरेगावला गेलो होतो. मामांच्या कानाला आता कमी ऐकू येतं, म्हणून केंद्राच्या खुर्चीत मामी बसते. एका म्हातारीचा अंगठा यंत्रावर धरून बसली होती. मागं कॉम्प्युटर नवा, यूपीएस नवी, दाराबाहेर लिंबाखाली खाटेवर मामा. मला ओळखून त्यांनी माझा हात घट्ट धरला, प्रकृती ब्याण्णव टक्के असल्याचं सांगितलं, आणि मग आत तोंड करून जुन्या आवाजात आरोळी ठोकली. स्टँडवरची जीप थांबली.

"अवं, अपडेट किती टक्के झालं?"

मामीनं म्हातारीचा अंगठा सोडला नाही की मान वर केली नाही.

"झालं कवाच."