फाटकाआतलं फिरतं घर

माणसाचा आत्मा मुळात भटका असतो. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सबनीस हे सांगतात, तेव्हा त्यांचा हात मोटारीमागे जोडून न्यायच्या पांढऱ्या फायबरच्या घरावर असतो. दर रविवारी ते त्याला पॉलिश करतात, दसऱ्याला झेंडूचा हार घालतात.

“अहो, गुडघे चालतायत तोवर समुद्र दाखवा,” आतल्या गादीवर मटार सोलत सबनीसवहिनी म्हणतात.

“निघू गं. स्वातंत्र्याला घाई नसते.”

खरं आहे. स्वातंत्र्य दारात उभं करून शेजाऱ्यांना दाखवलं, की बहुतेकांचं भागतं.

हे घर आत आणल्यावर सबनीसांनी सोसायटीच्या एकुलत्या एका फाटकावर स्वतःच्या नावाची दगडी कमान बांधून घेतली. कमान घरापेक्षा वीतभर बुटकी आहे.